सुखान्ताचा सातबारा

रँचवर घडणाऱ्या प्रेमकादंबरीची टिंगल करणं सोपं आहे. घोड्यावरचा नायक, शहरातून आलेली नायिका, मागे डोंगर आणि शेवटी लग्न. शेवट गोड होणार, हे वाचकाला आधीच कबूल केलेलं असतं. मला त्यात गैर वाटत नाही. कीर्तनाला बसणाऱ्यालाही आख्यानाचा शेवट ठाऊक असतोच. मला प्रश्न पडतो तो वेगळा : या सुखान्तातून नेमकं काय सिद्ध होतं?

नोरा रॉबर्ट्‌स यांची ‘मॉन्टाना स्काय’ (१९९६) घ्या. रँचमालक जॅक मर्सी मरतो. तीन बायकांपासून झालेल्या त्याच्या तीन मुलींनी वर्षभर रँचवर एकत्र राहायचं, तरच त्या वारस, अशी मृत्युपत्रातली अट. विला तिथेच वाढलेली, टेस हॉलिवूडची पटकथालेखिका, लिली मारकुट्या माजी नवऱ्यापासून जीव वाचवत आलेली. वर्ष सरता सरता परक्या बायका बहिणी होतात, तिघींना जोडीदार मिळतात. वाचताना मनापासून वाटतं, ही जमीन आता यांचीच. राहिल्या, राबल्या, जीव लावला. आणखी काय हवं?

हा युक्तिवाद कादंबरीहून जुना आहे. अमेरिकेच्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याचा करार असाच होता : पाच वर्षं राहा, घर बांधा, जमीन कसा, १६० एकर तुमची. पण कायद्याने मोकळ्या मानलेल्या त्या मुलखात माणसं राहत होती. आजच्या मॉन्टानातला मोठा प्रदेश १८५५ च्या करारात ब्लॅकफीट लोकांचा मानला होता. तो पुढे आक्रसत गेला. बायसनचे कळप संपले, शिधा अपुरा पडला आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात त्यांच्यातले शेकडो उपासमारीने मेले. देशभरातल्या मूळ रहिवाशांकडे १८८७ मध्ये सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत सुमारे ४ कोटी ८० लाख उरली.

कादंबरीला याचा पत्ताच नाही, असं नाही. विलाच्या आईकडून ब्लॅकफीट रक्त आलेलं आहे. तिचा सहोदर भाऊ अ‍ॅडम रँचवर घोडे सांभाळतो. पण तो जॅकचा मुलगा नाही, म्हणून वारसांत नाही. लिली त्याच्याशी लग्न करते. ज्यांची जमीन गेली त्यांचा वंशज लग्नाच्या वाटेने तिच्यापाशी येतो. प्रसंग हृद्य आहे आणि मी अडते ती इथेच. एका माणसाने दुसऱ्याला आपलं म्हटलं, तर ते त्या दोघांत खरं असतं. जमिनीच्या व्यवहाराला तिसरा पक्ष असतो आणि तो या मांडवात हजर नाही.

‘कसेल त्याची जमीन’ म्हणणाऱ्या भाषेत ही गोष्ट आणताना अडचण वाढते. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कुळकायद्याने, पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून, कुळांना मालकीचा हक्क मिळाला. कुळ आधीपासून त्या जमिनीत राबत होतं. होमस्टेडमध्ये नव्याने येणाऱ्याचे कष्ट मोजले, आधीपासून असलेल्याचं अस्तित्वच मोजलं नाही. वाक्य तेच, न्याय उलटा.

म्हणून ‘रँच’ला मी मळा किंवा वाडी म्हणणार नाही. त्या शब्दांना आपल्या आजोळची ऊब आहे. ती पांघरली की जमिनीचा पूर्वेतिहास झाकला जाईल. शब्द थोडा परका राहिला, तर वाचक निदान विचारेल, हे नक्की काय आहे?

सुखान्त मात्र मी बदलणार नाही. मार खाऊन आलेल्या लिलीला सुरक्षित घर मिळालं, याचा आनंद वाचकाने निःशंक घ्यावा. त्या आनंदाच्या भरात लग्नाला साक्षीदार व्हावं; सातबाऱ्यावर सही करू नये.