शेजार किती कोसांचा?

करंजाडेहून न्हावा-शेवा बंदर फार लांब नाही. रस्त्याने जाणारे कंटेनर आम्ही रोजच पाहतो. म्हणूनच विचारावेसे वाटते, येमेन आमचा शेजारी नव्हे काय?

19 नोव्हेंबर 2023 रोजी हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवले. त्यावरचे 25 खलाशी जानेवारी 2025 मध्ये सुटले. जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, भाडी चढली. सुएझ कालव्याचे 2024 चे उत्पन्न आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आले. बंड येमेनचे, पोटाला चिमटा मात्र इजिप्तच्या गरिबाला!

गाझाच्या अन्यायाने आमचेही काळीज जळते. पण पीडिताच्या नावाने तिसऱ्याच गरिबाचा जीव टांगणीला लावणे, याला न्याय कसे म्हणावे? हल्ले झाले नसते तर जगाने ढुंकून पाहिले नसते, असे कोणी म्हणतील. असेलही. तरी 6 मार्च 2024 रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर मेले ते तीन खलाशीच. उरलेल्यांना आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवले.

आमच्या कोकणात कित्येक चुली बोटीवरच्या पगारावर पेटतात. धोक्याच्या पट्ट्यात जादा पगार देण्याचे करार आहेत, नकाराचा हक्कही आहे. पण डोक्यावर कर्ज असलेल्या पोराचा होकार, हा होकार धरायचा का?