सुरी आणि कांदा

कोशिंबिरीला पानात जागा मिळते ती डावीकडे, चटणी-लोणच्याच्या पंक्तीला. तिची कृती विचारायला कोणी येत नाही. तरी मला वाटते, माणसे घडवण्याचा जो अवघड प्रश्न आहे, तो शिरका घातलेल्या काकडी-कांद्याच्या कोशिंबिरीइतका स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या पदार्थाने मांडलेला नाही. प्रश्न असा : दुसऱ्याच्या स्वभावातले काय काढावे आणि काय राहू द्यावे?

काकडीपासून सुरुवात करू. तिचा कडूपणा मुख्यतः देठाकडे आणि सालीलगत असतो. देठाकडची चकती कापावी, चाखावी. कडू लागली तर आणखी एक कापावी. इथे दयामाया नको. काकडीत पाणीही पुष्कळ, पण पाणी हा काही दोष नव्हे. चकत्यांना मीठ चोळून पंधरा मिनिटे ठेवले, की जादा पाणी आपणहून सुटते. घाईने करकचून पिळली, तर हाती चोथा उरतो.

कांद्याची गोष्ट निराळी. अखंड कांदा कोणाच्या डोळ्यांत पाणी आणत नाही. सुरी चालली, पेशी फुटल्या, म्हणजे आत वेगवेगळे राहिलेले घटक एकत्र येतात आणि तेव्हा तो झोंबणारा वायू तयार होतो. म्हणजे तिखटपणात कांद्याचा वाटा आहे, तसा सुरीचाही आहे! हे ध्यानात ठेवून त्याला वागवावे. पातळ चिरून दहा मिनिटे गार पाण्यात ठेवावा, निथळावा आणि शिरका, मीठ, चिमूटभर साखर यांत कालवावा. आंबटाने लाल कांद्याचा रंग गुलाबी खुलतो. पण कोणी त्याला तीन-तीन पाण्यांतून चोळून काढतात. मग तो झोंबत नाही हे खरे. पण मग तो घातलाच कशाला?

वर्गात ज्याचे प्रश्न झोंबतात असा एखादा विद्यार्थी असतोच. वर्षभरात तो गप्प झाला, की 'सुधारला' असे आम्ही शिक्षक म्हणतो. नवी सून पहिल्या वर्षी चार मते मांडते. पाचव्या वर्षी तिला मतच उरत नाही, तेव्हा नातेवाईक कौतुकाने म्हणतात, 'मुरली हो घरात!' मुरणे आणि विरणे यांतला फरक जिभेला कळतो, तो मनाला का कळू नये? खोटेपणा, दुष्टपणा हा काकडीचा देठ. तो कापलाच पाहिजे. तिखटपणा मात्र पुष्कळदा कुठल्यातरी सुरीला दिलेला जबाब असतो. तिथे आधी सुरी कोणाच्या हातात होती, ते पाहावे.

शिरक्याकडून हे शिकण्यासारखे आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत तो माडीपासून करण्याची रीत आहे. ताजी माडी गोड असते. आंबत आंबत तिचाच शिरका होतो. स्वतः बदलून आलेला असल्यामुळेच की काय, तो कांद्याला सौम्य करतो, पुसून टाकत नाही.

दिवाळीचा फराळ चार दिवस झाला, की जीभ असे काहीतरी मागू लागते. आषाढातल्या कांदेनवमीला ज्यांनी कांदा सोडला, त्यांनी कार्तिकी द्वादशीपर्यंत धीर धरावा; इतरांनी आजच करावी. आणि पहिल्या घासाला कांदा किंचित झोंबला, तर करणारीला बोल लावू नये.