झाकण आणि तळ

कोल्हापुरात चपला बनवणारे एक म्हातारे कारागीर होते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं ते रापीने कापत आणि कातड्याच्याच वादीने शिवत. त्यांच्या चपलेत खिळा नसे. कापून उरलेले तुकडे दुकानाच्या कोपऱ्यात साठत.

शेजारचा एक मुलगा शाळा सुटली की पायरीवर येऊन बसे. एके दिवशी तो म्हणाला, "मामा, मला आईसाठी पाकीट करायचंय. चिल्लर ठेवायला." त्याची आई बाजारात भाजी विकायची आणि सुटे पैसे पदराच्या गाठीत बांधायची.

मामांनी कोपऱ्यातले दोन तुकडे निवडून दिले, एक आखूड आणि एक लांब. लांब तुकडा मागे राहणार होता आणि वरून पुढे वळला की त्याचंच झाकण होणार होतं. "आधी नीट आखून घे," मामा म्हणाले. "कापडातली सुई काढली तर भोक बुजतं. कातड्यातलं बुजत नाही."

मुलाने कंपासने कडेला धरून रेघ ओढली. रेघेवर ४-४ मिलिमीटरवर खुणा केल्या आणि खुणेखुणेवर आरीने भोक पाडलं. मग मामांनी टाका दाखवला. दोरा एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना सुया. एक सुई पुढून घालायची, दुसरी त्याच भोकातून मागून काढायची, आणि दोन्ही टोकं सारखी ओढायची. "शिवणीच्या चौपट दोरा घे, मेण लाव," एवढं सांगून ते आपल्या कामाला लागले.

मुलाने मोजून दोरा घेतला. शिवायला बसल्यावर त्याच्या मनात आलं, आई चारचौघांत पाकीट काढेल तेव्हा आधी झाकणच दिसेल. झाकणाला शिवणीची गरज नव्हती, तरी त्याने त्याच्या कडेने नक्षीचे टाके घातले. ते फार सुरेख जमले. मग त्याने दोन्ही बाजू शिवल्या. तळाशी आला तोवर दोरा सरत आला होता. नवा घ्यायचा तर पुन्हा मेण लावा, पुन्हा सुया ओवा. बाहेर दिवेलागण झाली होती. त्याने एकाच सुईने तळाला धावदोरा घातला आणि गाठ मारली.

पाकीट पाहून आई हरखली. तिने ते शेजारणींना दाखवलं. साऱ्याजणींनी झाकणाचं कौतुक केलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पाकीट नाण्यांनी भरलं. ऐन गर्दीत तळाचा एक टाका तुटला, त्याच्यामागे सगळा दोरा सरसर निघून आला आणि नाणी चिखलात पडली. काही सापडली, काही गेली. आई रागावली नाही. पाकीट तिने पुसून घरी आणलं.

मुलगा ते घेऊन मामांकडे गेला. मामांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग रापी उचलली आणि बाजूच्या शिवणीतला एक टाका कापला. मुलगा दचकला.

"आता ओढ," मामा म्हणाले.

त्याने जोर लावून ओढलं. शिवण हलली नाही. समोरचा धागा तुटला होता, पण मागून गेलेला धागा त्याच जागी घट्ट धरून होता.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, झाकणाची नक्षी उसवू का? तो दोरा तळाला लावतो."

"राहू दे. तुझ्या आईला आवडलीय ती. तळाला नवा दोरा घे."

मुलाने चौपट दोरा मोजला, मेण लावलं, दोन्ही सुया ओवल्या. आरीने पाडलेली भोकं जशीच्या तशी होती. त्यांतूनच त्याने तळ पुन्हा शिवला, आणि कापलेला टाकाही दुरुस्त केला.

पाहणाऱ्याची नजर झाकणावर जाते, भार मात्र तळावर येतो. आपल्याजवळचा वेळ आणि उमेद मोजकीच असते. तिचा पहिला वाटा भार पडतो तिथे घालावा. नक्षीही करावी, पण ती उरलेल्या दोऱ्याने.