सोडलेला बाण आणि आवरलेला बाण

सातपुडा पर्वतराजीत, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, अस्तंबा ऋषींचे शिखर उभे आहे. चार हजार फुटांहून अधिक उंचीच्या या शिखरावर चिरंजीव अश्वत्थाम्याचा वास आहे, अशी भाविकांची दृढ श्रद्धा आहे. धनत्रयोदशीपासून दीपावलीच्या दिवसांत महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशातील असंख्य भाविक तळोद्याकडून ही खडतर डोंगरवाट चढतात. वाटेवर भिल्ल व पावरा बांधवांचे पाडे लागतात. तेथे एखाद्या घराच्या कुडाला टांगलेला तिरकामठा यात्रेकरूच्या दृष्टीस पडतो. वरवर पाहता ते शिकारीचे साधन. परंतु यात्रेला निघालेल्या मनाला त्यातून धर्माचा एक मोठा पाठ मिळू शकतो.

तिरकामठा बाजारातून येत नाही. तो रानातूनच घडतो. कामठा चिवट बांबूचा, आणि त्याची दोरीदेखील पुष्कळदा बांबूच्याच लवचिक कामटीची. बाणाचा दांडा बोरूचा किंवा बारीक बांबूचा, मागे पिसे आणि पुढे लोखंडी पाते. पाखरासाठी बोथट टोकाचा बाण निराळा. मासे मारण्याच्या बाणाची रचना तर फारच कौशल्याची. त्याचे लांब टोक दोरीने दांड्याला बांधलेले असते; मासा विद्ध होताच टोक सुटते आणि दांडा पाण्यावर तरंगून मासा कोठे आहे हे दाखवितो. ज्याने हे साधन हाताने घडविले, त्याला प्रत्येक बाणामागचे श्रम ठाऊक असतात. म्हणूनच बाण उगाच सोडणे त्याला परवडत नाही.

पूर्वी धान्याची कणगी रिकामी झाल्यावर, नवे पीक हाती येईपर्यंतच्या टंचाईच्या दिवसांत डोंगरातील घरे कंदमुळे, मोहाची फुले, मासे आणि क्वचित मिळणारा ससा वा तितर यांवर तग धरीत. तिरकामठ्याने शिकार करणाऱ्याला सावजाच्या अगदी जवळ जावे लागते. वाऱ्याची दिशा पाहावी लागते, श्वास आवरावा लागतो, तास न् तास निश्चल बसावे लागते. ताणलेली दोरी हातात असेपर्यंत निर्णय माणसाचा असतो. बाण सुटल्यानंतर तो कोणाचाच राहत नाही. धर्माचा विचार करावयाचा तो या एका क्षणापूर्वीच.

अश्वत्थाम्याची कथा याच क्षणाची कथा आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात ती आली आहे. रात्री झोपलेल्यांचा संहार करून तो पळाला. पांडवांनी त्याला गाठले, तेव्हा त्याने गवताची एक काडी उचलून तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राची योजना केली. वस्तुतः हे अस्त्र देताना पिता द्रोणाचार्यांनी त्याला बजावले होते की, कितीही मोठे संकट आले तरी ते मनुष्यांवर सोडू नये. अर्जुनानेही प्रत्युत्तरादाखल तेच अस्त्र सोडले. नारद आणि व्यास दोहोंच्या मध्ये उभे राहिले. व्रतस्थ अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते आवरता आले नाही. त्याने ते उत्तरेच्या गर्भावर वळविले. श्रीकृष्णाने त्या गर्भाला जीवदान दिले आणि अश्वत्थाम्याच्या वाट्याला मस्तकावरचा मणी गमावून रक्त-पू वाहत एकाकी भटकण्याचा शाप आला. दोघांची विद्या एकाच गुरूची होती. एकाला सोडणे आणि आवरणे दोन्ही साधले होते, दुसऱ्याला केवळ सोडणे.

या डोंगरातील लोकश्रद्धा सांगते की, अश्वत्थामा आजही जखमेसाठी तेल मागत फिरतो आणि वाट चुकलेल्या यात्रेकरूला वाट दाखवितो. येथे भाविकाने क्षणभर थांबून विचार करावा. भिल्ल समाज एकलव्याला आपला पूर्वज मानतो. ज्या द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा मागून घेतला, त्यांचाच हा पुत्र. तरीही एकलव्याला पूर्वज मानणारी माणसे दरवर्षी त्याच्या शिखरावर अनवाणी चढतात व त्याची पूजा करतात. बाप-आजांचे वैर उगाळत बसण्यापेक्षा जखमेला तेल लावणे श्रेष्ठ, हे त्यांनी कोणत्याही पोथीवाचून जाणले आहे. अंगठा गेल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, असे महाभारत सांगते. पण त्याने तो द्रोणांवर सोडला नाही. हाही आवरलेलाच बाण होय.

आज परिस्थिती पालटली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, तितर, घोरपड यांसारख्या वन्यजीवांच्या शिकारीस मनाई आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींना जमिनीचे व वनोपजाचे अनेक हक्क दिले. मात्र शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. हा नियम ज्याच्या घरी धान्य आहे त्याला सोपा वाटतो. ज्याच्या चुलीवर काही नाही त्याला तो जड जातो. म्हणून डोंगरातल्या माणसाला पापी ठरविण्याचा अधिकार पोट भरलेल्या यात्रेकरूला नाही. वनपर्वातील धर्मव्याध हा मिथिलेत मांस विकणारा. तरी तपस्वी कौशिक ब्राह्मणाने धर्म शिकला तो त्याच्याकडूनच. पूर्वजन्मी तो ब्राह्मण असताना राजासमवेत मृगयेस गेला आणि त्याचा बाण चुकून एका ऋषीला लागला, म्हणून त्याला व्याधाचा जन्म मिळाला, असे ती कथा सांगते. गरज नसता, केवळ हौसेने सोडलेल्या बाणाचे फळ इतके दूरवर पोहोचते.

यास्तव यात्रेस येणाऱ्या भाविकांनी काही गोष्टींचे भान ठेवावे. वाटेत रानातले मांस, कातडे वा पिसे कोणी देऊ केल्यास घेऊ नयेत. मागणी असते म्हणूनच शिकार होते. तिरकामठा पाहून उपहास करू नये. ती शतकांची विद्या आहे आणि निशाणाच्या शर्यतीत, होळीच्या उत्सवात ती जीवहत्येवाचूनही टिकू शकते. दानशूर भक्तांनी मंदिरात दीप लावताना डोंगरातील एखाद्या घरी टंचाईच्या महिन्यांत धान्य पोहोचेल, एखाद्या मुलाच्या शिक्षणाला हातभार लागेल, असेही पाहावे. ज्या घरी धान्य पोहोचते, त्या घरचा बाण भुकेपायी रानात सुटत नाही; एक ससा वाचतो आणि एका माणसाचा सन्मानही वाचतो.

तिरकामठा सर्वांच्या घरी नसतो. परंतु जिव्हा सर्वांजवळ आहे, क्रोध सर्वांजवळ आहे. कठोर शब्दही सुटल्यावर परत येत नाही. शिखरावर तेल अर्पण करताना प्रत्येकाने आपल्या हातून सुटलेला एक बाण आठवावा, ज्याला तो लागला त्याच्या जखमेला तेल लावण्याचा संकल्प करावा, आणि मगच गड उतरावा. यात्रेचे पुण्य त्यातच आहे.