पहिला फटकारा

दार्दानेल्सच्या मोहिमेचे अपयश माथी घेऊन १९१५ साली आरमारखात्याचा हुद्दा गमावलेले विन्स्टन चर्चिल, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, सरे परगण्यातील एका वाडीवर तैलरंग घेऊन बसले, तेव्हा साम्राज्याच्या मसलतींत वावरलेला तो पुरुष कोऱ्या कॅनव्हासपुढे इतका शंकाकुल झाला, की घेवड्याच्या दाण्याएवढा निळा ठिपका उमटवून त्याचा कुंचला थबकला. इतक्यात चित्रकार जॉन लॅव्हरी यांच्या पत्नी हेझेल, ज्या स्वतःही चित्रे काढीत, तेथे आल्या. मोठा कुंचला मागून घेऊन त्यांनी त्या शुभ्र पृष्ठावर निळ्या रंगाचे निःसंकोच फटकारे ओढले. कॅनव्हासने काहीच प्रतिकार केला नाही, आणि चर्चिलांचे भय तेथेच ओसरले. त्या बाईंचे हे औदार्य मला फार मोलाचे वाटते. श्रोतेहो, कपाटात पडलेली आपली रंगपेटी आज बाहेर काढा, आणि पहिला रंग मोठ्या कुंचल्याने लावा.