कवटी कुणाची?

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या आणि 1930 साली डॉक्टरेट मिळवली. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, डाहलेम भागातल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक. गोऱ्या माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असतात आणि त्याचा संबंध त्याच्या बुद्धीशी आहे, असा फिशरांचा कयास. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि वंशाचा या असमानतेशी काही संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. समाजशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट सांगताना भरून येतं. माझी भाची तिथेच, बर्लिनमध्ये, मानवशास्त्र शिकते. तिला मात्र भरून आलं नाही.

“आत्या, कवट्या कुणाच्या होत्या?”

“संग्रहातल्या.”

“आणि संग्रहात कशा आल्या? काही तर आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधून उचलून आणलेल्या. कुणी आपलं डोकं आपण होऊन दिलं नव्हतं.”

“हे त्या पंचविशीतल्या मुलीने ठरवलं होतं का? पारतंत्र्यातल्या देशातून आलेली विद्यार्थिनी, परक्या भाषेत, गुरूला सांगते की तुमचं म्हणणं मापात बसत नाही. याला धैर्य म्हणत नाहीत?”

“म्हणतात की. माझा प्रश्न वेगळा आहे. आकडे उलटे आले असते तर?”

“तर तसं लिहिलं असतं. प्रामाणिक होत्या त्या.”

“तेच म्हणतेय मी. मग फिशर जिंकले असते? काळ्या माणसाची किंमत त्या दिवशी काही मिलिमीटरवर लटकत होती आणि आपण टाळ्या वाजवतोय की माप त्याच्या बाजूने पडलं.”

या वाक्यापाशी आमचं गाडं रुतलं. मी हुकमाचं पान काढलं.

“बाबासाहेबांनी काय केलं? ब्रिटिश अधिकारी रिस्लेने 1901 च्या जनगणनेच्या काळात नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकाचीच मापं घेतली, समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी मांडलेली, आणि दाखवलं की ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्यच. ज्याला मोजतात त्यालाही कधी तरी फूटपट्टीची गरज पडते. ती फेकून द्या म्हणणं तुला परवडतं, बाई.”

“ते बॅरिस्टर होते. समोरच्याचा साक्षीदार समोरच्यावरच उलटवला. पण त्यांचा दावा त्या साक्षीवर उभा नव्हता. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ 1936 चं आहे. माणसं सारखी नसतील, तरी वागवायची सारखीच, हे त्यात त्यांनी आधीच सांगून टाकलंय. नाकं मोजण्याच्या बारा वर्षं आधी.”

“नुसतं तत्त्व सांगून जात कुणी सोडली?”

“आणि माप दाखवल्यावर सोडली? इरावतीबाईंनी परत येऊन महाराष्ट्रभर डोकी मोजली. चित्पावन आणि देशस्थ, दोघेही ब्राह्मण म्हणवतात पण शरीराने एका कुळीचे दिसत नाहीत, असं दाखवलं. त्याने काय झालं?”

चित्पावन-देशस्थ लग्नं पुढे सर्रास होऊ लागली; कोष्टकं वाचून नव्हे, हे मलाही मान्य. तरीही मी हटले नाही. खोटा आकडा बाजारात फिरत असेल तर खरा आकडा घेऊन कुणीतरी उभं राहायला हवं, नाहीतर खोट्याचा कायदा होतो.

“झालाच की. 1937 साली ऱ्हाइनलँडमधल्या शेकडो मुलांची जबरदस्तीने नसबंदी केली. आई जर्मन, बाप फ्रेंच सैन्यातले आफ्रिकी नाहीतर आशियाई सैनिक, एवढाच गुन्हा. त्या कामात हीच संस्था, हेच फिशर होते. बाईंचा निष्कर्ष सात वर्षांपूर्वी यांच्याच हातात पडलेला. कुणाचं काय अडलं?”

याला उत्तर नाही. माझ्याकडे तरी नाही. म्हणून मी विषय तिच्या अंगणात नेला.

फिशरांच्या त्याच संस्थेच्या इमारतीजवळ, तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयापाशी, 2014 साली खोदकामात हाडं सापडली. पुढच्या उत्खननात सुमारे 16,000 तुकडे निघाले. काही वसाहतींच्या काळातल्या संग्रहातले असावेत, काही आउशवित्झच्या छळछावणीतले असू शकतात. नाझी डॉक्टर मेंगेले तिथून या संस्थेला नमुने पाठवत असे. पीडित समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरलं की आणखी चाचण्या करायच्या नाहीत. मार्च 2023 मध्ये सगळे अवशेष एकत्र दफन झाले.

“म्हणजे ती माणसं कोण, हे आता कधीच कळणार नाही,” मी म्हणाले. “याचा फायदा कुणाला?”

“चाचणी केली असती तर पुन्हा ज्यू इकडे, रोमा इकडे, आफ्रिकी तिकडे. फिशरांची वाटणी आपण त्यांच्या वतीने पुरी केली असती.”

“आणि एके काळच्या जर्मन वसाहतीला, नामिबियाला, 2011 मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने 20 कवट्या परत दिल्या, त्या?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्या तपासूनच दिल्या. कुणाच्या ते कळल्याशिवाय देणार कुणाला? मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. नियम काय ते मात्र सांगता येत नाही.”

“जिवंत नातेवाईक मागतील तेव्हा तपासावं, हा नियम का नको?”

“ज्यांच्यासाठी मागायला कुणी उरलंच नाही, त्यांचं काय?” आणि एकदम, “आत्या, बाबांचा बोन सेट कुठे असतो गं?”

माझा भाऊ डॉक्टर. पहिल्या वर्षाला सीनियरकडून विकत घेतलेली हाडं अजून त्याच्या माळ्यावरच्या खोक्यात आहेत. 1985 साली बंदी येईपर्यंत आपण माणसांचे सांगाडे निर्यात करत होतो, मुख्यतः कोलकात्याहून. ती माणसं कोण होती, हे भावाने विचारलं नव्हतं. आमच्या घरात दुसऱ्या कुणीही विचारलं नाही, आणि डाहलेमला नावं ठेवणारे आम्हीच.

वाचकांत डॉक्टर असतील. असा सेट तुमच्याकडे असेल तर तो कुठून आला हे एकदा विचारून पाहा, आणि उत्तर मिळालं नाही तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाशी बोला. निदान तो पुढच्या वर्षीच्या मुलाला विकू नका.