सिकलसेलच्या मुलाखतींना निघालेल्या भाचीस



एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. आनंद झाला. आता तू उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत सिकलसेल असलेल्या बायकांना लग्नाचं, सासरचं, बाळंतपणाचं विचारणार. रक्त काढायचं नाही, गोळी द्यायची नाही, म्हणून अशा अभ्यासात धोका नाही असं पुष्कळांना वाटतं. मला तसं अजिबात वाटत नाही.

नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. म्हणजे देणं दोघांचं. घरात बोल मात्र सुनेलाच लागतो. त्यात हा आजार आपल्याकडे दलित आणि आदिवासी कुटुंबांत जास्त, त्यामुळे आजाराच्या नावासोबत जातीचीही कुजबुज होते. एखादी तुला सांगेल, लग्नाआधी रिपोर्ट लपवला होता. ते नणंदेच्या कानावर गेलं तर तिचा संसार मोडेल, धाकट्या बहिणीची सोयरीक फिस्कटेल.

म्हणून नाव बदललं की झालं, असं समजू नकोस. ‘इंदोऱ्यातली, 27 वर्षांची, दोन मुलींची आई, नवरा रेल्वेत’ एवढं छापलंस तर गल्लीतलं शेंबडं पोरही घर दाखवील. वस्ती गाळ, वय मोघम लिही, नवऱ्याची नोकरी सांगायची गरज नसेल तर काढून टाक. एखादा हृदय पिळवटणारा प्रसंग वस्तीत सगळ्यांना माहीत असेल, तर तोही सोड, प्रबंध थोडा फिका झाला तरी चालेल. रेकॉर्डिंग टायपिंगला देताना व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवू नकोस.

वस्तीतल्या आशा कार्यकर्तीशिवाय दार उघडणार नाही, हे खरं. पण ती समोर बसली की बाईला ‘नाही’ म्हणता येत नाही. उद्या लसीकरणाला, बाळंतपणाला तीच लागते. घर दाखवून झालं की तिला आदरानं निरोप दे आणि होकार तिच्या माघारी विचार. सासू चहा टाकून दारातच बसेल. एका खोलीच्या घरात तिनं तरी जावं कुठं? त्या दिवशी सासरचा विषय काढूच नकोस. औषधं, दुखणं, दवाखान्यातली रांग यावर बोल. बाकीचं बाईला सोयीचं असेल तिथं, ती म्हणेल तेव्हा. बुडालेली मजुरी आणि ऑटोचं भाडं दे, पण ते कमिटीला दिलेल्या अर्जात लिहिलेलं आहे ना, ते पाहा. गटचर्चेत मात्र गुप्ततेचा शब्द देऊ नकोस, दहा जणींच्या तोंडांची हमी तू कशी घेणार?

राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास पुन्हा वाच. 1989 साली तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या तेव्हा 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. बायका किती काय पोटात ठेवून जगतात, ते त्यावरून कळतं. कुणी मायेनं विचारलं की तुझ्या विषयाबाहेरचंही येतं. मारहाण येईल, जीव द्यायचा विचार येईल. तेव्हा रेकॉर्डर बंद कर, प्रश्नावली मिटव. तिला पाठवायचं कुठं, हे वस्तीत शिरण्याआधीच ठरलेलं हवं. मेडिकल, मेयो किंवा डागा या दवाखान्यांत स्वतः जा, तिथल्या डॉक्टरांशी, समुपदेशकांशी बोलून ठेव. नुसती चिठ्ठी देऊन कुणाला पाठवू नकोस.

अठराच्या आतल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा ‘तुम्ही सांगाल ते माझ्यापाशीच राहील’ असं सरसकट वचन देऊ नकोस. ही मर्यादा संमती घेतानाच, सोप्या बोलीत सांग.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे, ते वाचूनच रविवारी ये. संमतीपत्रक आण. चार पानांचं आहे म्हणे. बसून एका पानाचं करू, आणि ‘मध्येच थांबायचं असेल तर थांबा, औषधपाणी बंद होणार नाही’ हे वाक्य अगदी वर घेऊ. बदललेलं पत्रक वापरण्याआधी कमिटीकडून पुन्हा मंजूर करून घे.

तुझी,
मावशी